चषक कोणाचा, खेळ कोणाचा?

८ मार्च जवळ आला की आपल्यापैकी बऱ्याच संघटना मुलींचे आणि बायकांचे खेळ भरवतात. कबड्डी, खो-खो, धावणे, कुठे क्रिकेटसुद्धा. मैदान मिळवायची खटपट होते, मुलींच्या घरी जाऊन परवानग्या काढाव्या लागतात, आणि सगळ्यात शेवटी प्रश्न येतो चषकाचा. तो बहुधा कुणी नगरसेवक, कुणी दुकानदार किंवा कुणी बिल्डर देतो. त्यावर त्याच्या कैलासवासी वडिलांचे नाव असते. 'निदान तेवढा खर्च वाचला' असे म्हणून आपण तो घेतो. त्यात वावगे काही नाही असेच सर्वांना वाटते. पण चषक ही नुसती पितळेची वस्तू नसते. तो कोणी दिला, कोणाला मिळू शकतो आणि कोणाला नाही, हे ठरवताना खेळाची मालकीच ठरून जाते. कॅनडातल्या एका शंभर वर्षांहून जुन्या चषकाची हकीकत या दृष्टीने आपण सर्वांनी समजून घ्यावी असे मला वाटते. वरवर पाहता ती आपल्यापासून फार दूरची आहे. पण तो चषक देणारा माणूस आपल्या ओळखीचा आहे.

लाटसाहेबांचा चषक

खेळाचे नाव लॅक्रॉस. लांब काठीच्या टोकाला जाळी असते, त्या जाळीत चेंडू झेलायचा, पळवायचा आणि समोरच्या गोलात मारायचा. कॅनडात राष्ट्रीय अजिंक्यपदासाठी १९०१ साली 'मिंटो चषक' दिला गेला. देणारे अर्ल ऑफ मिंटो हे तेव्हा कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते. हेच मिंटो १९०५ ते १९१० या काळात हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. १९०९ च्या मोर्ले-मिंटो सुधारणांमुळे त्यांचे नाव आपल्याला शाळेत पाठ करावे लागले. त्यांच्याच कारकिर्दीत १९०८ साली लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवण्यात आले. त्याच १९०८ साली मिंटो चषक माँट्रियलच्या शॅमरॉक्स संघाकडून न्यू वेस्टमिन्स्टरच्या सॅमनबेलीज संघाने जिंकून देशाच्या पूर्वेकडून पश्चिमेकडे नेला. साम्राज्य एका हाताने चषक वाटत होते आणि दुसऱ्या हाताने तुरुंग भरत होते. दोन्ही गोष्टी एकाच कारभाराच्या होत्या.

गव्हर्नर जनरलने चषक देण्याची कॅनडात परंपराच होती. लॉर्ड स्टॅन्ले यांनी आइस हॉकीला दिला, अर्ल ग्रे यांनी १९०९ साली फुटबॉलला दिला. हे ग्रे म्हणजे लेडी मिंटो यांचे भाऊ. लॅक्रॉसला दुसरा चषक १९१० साली मिळाला, तोही सोन्याचा. देणारे डोनाल्ड मान हे रेल्वे बांधणारे कंत्राटदार. ज्या जमिनींवरून असे लोहमार्ग गेले त्या जमिनी कोणाच्या होत्या हा प्रश्न चषकावर कोरलेला नसतो.

ज्यांचा खेळ त्यांनाच दार बंद

लॅक्रॉस हा गोऱ्या लोकांचा खेळ नव्हे. तो उत्तर अमेरिकेतल्या मूळच्या रहिवाशांचा. सतराव्या शतकात आलेल्या फ्रेंच मिशनऱ्यांनी तो पाहून लिहून ठेवला आहे. 'ला क्रॉस' हे नावही फ्रेंचांनीच दिलेले. हॉडेनोशोनी लोकांना, ज्यांना बाहेरचे 'इरोक्वॉय' म्हणत आले, हा खेळ म्हणजे विधात्याने दिलेले देणे वाटते. मोहॉक, ओनायडा, ओनोन्डागा, कायुगा, सेनेका आणि टस्करोरा या सहा राष्ट्रांचा हा संघ. गावात कोणी आजारी असले तर त्याला बरे वाटावे म्हणून ते सामना खेळतात. म्हणून त्याला 'औषधाचा खेळ' असेही म्हणतात.

माँट्रियलमध्ये जॉर्ज बीअर्स नावाचा एक दंतवैद्य होता. त्याने १८६० च्या सुमारास या खेळाचे नियम छापले आणि १८६७ साली, म्हणजे कॅनडा हे नवे राज्य जन्माला आले त्याच वर्षी, ते पक्के केले. हा आता आपला 'राष्ट्रीय खेळ' असा प्रचार त्याने सुरू केला. मैदानाची लांबी, खेळाडूंची संख्या, वेळ, सारे काही कागदावर आले. कागदावर आले की ते लिहिणाऱ्याचे होते. हे आपल्याला सातबाऱ्यावरून चांगलेच माहीत आहे.

मग आली 'हौशी' या शब्दाची करामत. १८८० साली तिथल्या राष्ट्रीय लॅक्रॉस संघटनेने आपल्या नावात हा शब्द घातला. जो पैसे न घेता खेळतो तो हौशी, आणि अजिंक्यपदाचे सामने फक्त हौशींचे. मूलनिवासी खेळाडू गरीब होते. सामन्याला लांबवर जायचे तर प्रवासखर्च घ्यावाच लागे, काहीजण प्रदर्शनी सामन्यांचे पैसेही घेत. झाले, ते 'व्यावसायिक' ठरले आणि स्पर्धेबाहेर गेले. कुठेही 'तुमच्या वंशामुळे' असे उघड म्हणावे लागले नाही. मिंटो चषक १९०१ साली सुरू झाला तो हौशी संघांसाठीच. म्हणजे ज्यांनी खेळ दिला त्यांच्यासाठी दार आधीच लागलेले होते.

पुढचा भाग तर अधिक बोलका आहे. थोड्याच वर्षांत गोऱ्यांचे क्लब स्वतः पगारी खेळाडू ठेवू लागले. तेव्हा मात्र नियमाने त्यांना बाहेर काढले नाही. उलट मिंटो चषकच व्यावसायिकांचा करून टाकला, आणि 'खऱ्या हौशीं'साठी मान यांनी सोन्याचा वेगळा दिला. पैसा मूलनिवाशाने घेतला तर खेळ बाटतो आणि क्लबने दिला तर खेळ वाढतो!

हे वाचताना मला आपल्या अंगणवाडी सेविका आठवतात. त्यांना सरकार 'मानसेवी' म्हणते, म्हणून पगार न देता मानधन देते. तिथे 'हौशी' शब्द वापरून बाहेर काढले, इथे 'मानसेवी' शब्द वापरून राबवून घेतले. दोन्हीकडे शब्द नैतिकतेचा आणि हिशोब पैशाचा. ज्याच्या घरी खायला आहे त्यालाच हौस परवडते, आणि नियम लिहायलाही तोच बसलेला असतो.

१८७६ साल

या गोष्टीत बायका कुठे आहेत, असे तुम्ही विचाराल. त्यासाठी १८७६ सालाकडे जाऊ या. त्या वर्षी बीअर्सने माँट्रियलजवळच्या काहनावाके या मोहॉक वस्तीतले खेळाडू इंग्लंडला नेले. मणी-पिसांचा वेश चढवून त्यांना विंडसरला व्हिक्टोरिया राणीपुढे खेळवले. आणि त्याच १८७६ साली कॅनडाने 'इंडियन ॲक्ट' केला. एका बाजूला कौतुकाचा खेळ आणि दुसऱ्या बाजूला कोण मूलनिवासी आणि कोण नाही हे सरकारने ठरवायचा कायदा.

१८६९ पासून आलेली आणि या कायद्याने पक्की झालेली एक तरतूद अशी होती: मूलनिवासी स्त्रीने बाहेरच्या पुरुषाशी लग्न केले तर तिचे मूलनिवासी म्हणून असलेले कायदेशीर स्थान गेले. तिचा वस्तीत राहण्याचा, घराचा, जमिनीतल्या वाट्याचा हक्क गेला. मूलनिवासी पुरुषाने गोऱ्या बाईशी लग्न केले तर मात्र त्याचे काही जात नसे, उलट त्या गोऱ्या बाईला ते स्थान मिळे.

हे कोणाच्या बाबतीत केले? हॉडेनोशोनी समाजात कूळ आईकडून चालते. प्रत्येक कुळाची एक ज्येष्ठ कुळमाता असते. सरदार कोण व्हावा हे ती ठरवते आणि तो नीट वागला नाही तर त्याला काढण्याचा अधिकारही तिचाच. ओंटारियोतल्या ग्रँड रिव्हर वस्तीत १९२४ साली सरकारने पोलिसांकरवी ही पारंपरिक सभा बंद पाडली आणि तिच्या जागी निवडणुकीची परिषद आणली. आधुनिक, लोकशाही परिषद! फक्त तिच्यात बायकांना मत नव्हते. ते १९५१ साली मिळाले. आपल्या समाजसुधारणेच्या इतिहासात आपण नेहमी शिकतो की परंपरा स्त्रीला बांधते आणि आधुनिक कायदा तिला सोडवतो. इथे कायद्याने बांधले. हे दोन्ही घडू शकते हे आपण ध्यानात ठेवले पाहिजे.

हा कायदा बदलायला बायकाच उभ्या राहिल्या. मेरी टू-ॲक्स अर्ली या त्याच काहनावाकेच्या. बाहेर लग्न केल्यामुळे त्यांचे स्थान गेले होते. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून त्यांनी बायका जमवायला सुरुवात केली. १९७५ साली आंतरराष्ट्रीय महिला वर्षाची परिषद मेक्सिकोत भरली, तिथे त्या गेल्या असतानाच त्यांना कळले की वस्तीच्या परिषदेने त्यांच्यासारख्या बायकांना घरे सोडण्याच्या नोटिसा काढल्या आहेत. त्यांनी ते जगासमोर मांडले. पुढे सँड्रा लव्हलेस यांनी प्रकरण संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीपुढे नेले, आणि १९८१ साली समितीने कॅनडाला दोषी धरले. १९८५ साली कायदा बदलला. आपले स्थान परत मिळवणारी पहिली स्त्री मेरी टू-ॲक्स अर्लीच. या बायकांना आपल्याच समाजातल्या पुरुषांनी 'तुम्ही सरकारच्या हातात कोलीत देता आहात' असे ऐकवले. हे वाक्य आपल्यापैकी दलित, आदिवासी आणि मुस्लिम वस्त्यांत काम करणाऱ्या कोणत्या कार्यकर्तीने ऐकलेले नाही?

मुलींच्या शाळेतला लॅक्रॉस

बायकांचा लॅक्रॉस म्हणून जो आज जगभर खेळला जातो तो मूलनिवासी वस्तीतून निघालेला नाही. तो निघाला स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूज गावच्या सेंट लेनर्ड्स या मुलींच्या शाळेतून. तिथल्या माजी मुख्याध्यापिका लुइसा लम्सडेन यांनी १८८४ साली अमेरिकेच्या दौऱ्यात मूलनिवासी संघाचा माँट्रियलच्या क्लबबरोबरचा सामना पाहिला आणि तो खेळ शाळेत आणला. १८९० साली तिथे मुलींचा पहिला सामना झाला. त्याच शाळेत शिकलेल्या रोझाबेल सिन्क्लेअर यांनी १९२६ साली तो बाल्टिमोरच्या ब्रिन मॉर शाळेत नेला, आणि १९३१ साली अमेरिकेत बायकांची स्वतःची लॅक्रॉस संघटना उभी राहिली.

याचे मोल कमी नाही. बाईने धावणे हेच जेव्हा अशोभनीय मानले जात होते तेव्हा या बायकांनी मुलींच्या हातात काठी दिली. पण त्यांनीही पुरुषांच्या खेळातली धक्काबुक्की वगळली आणि मुलींच्या खेळाला 'शोभणारे' नियम केले. आणि हा खेळ ज्यांच्याकडून घेतला त्या समाजातल्या मुली त्या चित्रात कुठेच नव्हत्या. मूलनिवासी बायका खेळतच नव्हत्या असेही नाही. कित्येक जमातींत दोन चेंडू एकत्र बांधून काठीने फेकायचा 'डबल बॉल' हा खास बायकांचा खेळ होता. आग्नेयेकडच्या जमातींत बायका-पुरुष एकत्र खेळत, पुरुषांनी काठ्या वापरायच्या आणि बायकांनी नुसते हात. या खेळांना कोणत्या लाटसाहेबाने चषक दिला नाही, म्हणून ते 'राष्ट्रीय' झाले नाहीत.

काठीला हात लावायचा नाही

आता सगळ्यात अवघड भाग. हॉडेनोशोनी समाजात पुरुषाची लाकडी काठी पवित्र मानतात. मुलगा जन्मला की त्याला छोटी काठी देतात, मेल्यावर ती बरोबर पुरतात. आणि त्या काठीला बाईने हात लावायचा नाही असा रिवाज आहे. १९८० च्या दशकात या समाजातल्या मुली लॅक्रॉसचा संघ उभारू लागल्या तेव्हा ज्या विरोधात उभ्या राहिल्या त्यांत वडीलधाऱ्या बायका होत्या. ज्या समाजात सरदाराला काढण्याचा अधिकार बाईला आहे तिथे मुलीला काठी धरायचा अधिकार नव्हता.

यावर दोन सोपी उत्तरे आपल्या सभांमध्ये लगेच येतील. एक, 'बघा, आदिवासी परंपराही पुरुषप्रधानच.' दुसरे, 'ती त्यांची संस्कृती आहे, आपण बोलू नये.' मला दोन्ही उत्तरे पळवाटेची वाटतात. पहिले उत्तर हे विसरते की ज्यांचा खेळ, जमीन, सभा सगळे हिसकावले गेले त्यांच्यातल्या बायकांना जे उरले आहे ते जपण्याची काळजी वाटणारच. दुसरे उत्तर हे विसरते की मुलीही त्याच संस्कृतीच्या आहेत. संस्कृती फक्त ज्येष्ठांच्या मालकीची नसते. २०१६ साली शनिशिंगणापूरच्या चौथऱ्याचा वाद चालला होता, तेव्हाही पुष्कळ बायका 'आम्हाला जायचेच नाही' म्हणत होत्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. पण ज्यांना जायचे होते त्यांचा हक्क त्यामुळे रद्द होत नाही.

त्या मुलींनी काय केले ते महत्त्वाचे आहे. त्यांनी औषधाच्या खेळावर आणि त्या लाकडी काठीवर हक्क सांगितला नाही. स्पर्धेचा खेळ मात्र आपला म्हणून घेतला, आपल्या वेगळ्या काठ्यांनी खेळायला सुरुवात केली. वाद घरातल्या घरात, वर्षानुवर्षे चालला. २००९ साली प्राग इथल्या बायकांच्या विश्वचषकात हॉडेनोशोनी राष्ट्राचा संघ आपल्या झेंड्याखाली पहिल्यांदा उतरला. रिवाज मोडून पडला नाही, मुलींना घर सोडावे लागले नाही. काहींना हा समझोता अपुरा वाटेल. मलाही काठीचा विटाळ पटत नाही. पण तो सोडायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार त्या मुलींचा आहे.

आणि मग २०१५ साली काय झाले? एकोणीस वर्षांखालील मुलींची जागतिक स्पर्धा स्कॉटलंडमध्ये, एडिंबरोला होती. हॉडेनोशोनी मुली आपल्या राष्ट्राच्या पासपोर्टवर प्रवास करू इच्छित होत्या. ब्रिटनने तो मानला नाही, आणि संघाला माघार घ्यावी लागली. २०१० साली त्यांच्या पुरुष संघाचेही असेच झाले होते. ज्या देशात मुलींचा पहिला सामना झाला म्हणून अभिमानाने सांगितले जाते, त्याच देशात ज्यांचा खेळ आहे त्या मुलींना पाऊल टाकता आले नाही. कॅनडाचा किंवा अमेरिकेचा पासपोर्ट घेतला असता तर जाता आले असते. पण त्या मुलींनी तसे केले नाही. चषकापेक्षा नाव मोठे मानले.

चषक मिळाला, कारभार गेला

कोणी म्हणेल, आता बायकांनाही चषक मिळतात, मग तक्रार कशाची? अमेरिकेचे उदाहरण पाहा. १९७२ साली तिथे 'टायटल नाइन' हा कायदा झाला आणि सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना समान संधी देणे भाग पडले. त्या दशकात महाविद्यालयीन मुलींच्या स्पर्धा बायकांनीच चालवलेली एक संघटना भरवत असे. पैसा येऊ लागताच पुरुषांच्या ताब्यातल्या मोठ्या संघटनेने मुलींच्या स्पर्धा स्वतःकडे घेतल्या. १९८२ साली तिने मुलींच्या लॅक्रॉसचे पहिले अजिंक्यपद भरवले आणि त्याच वर्षी बायकांची संघटना बंद पडली. १९७२ पूर्वी मुलींच्या दहापैकी नऊ संघांना बाईच प्रशिक्षक असे, पुढे ते प्रमाण निम्म्याच्याही खाली आले. खेळणाऱ्या मुली कित्येक पटींनी वाढल्या हे खरे आणि आनंदाचे. पण शिट्टी, वही आणि तिजोरी दुसऱ्याच्या हातात गेली. महिला आरक्षणानंतर सरपंचाच्या खुर्चीत बाई आणि कारभार नवऱ्याच्या हातात, हे आपण पाहिलेच आहे.

उलट्या बाजूची उदाहरणेही आहेत. कॅनडाच्या गव्हर्नर जनरल एड्रिएन क्लार्कसन यांनी बायकांच्या आइस हॉकीसाठी चषक दिला तो इन्युइट कारागिरांनी घडवला, त्यांत बायका होत्या. लॅक्रॉसमध्ये २००१ पासून उत्तम महाविद्यालयीन खेळाडूला 'टेवाराटन' पुरस्कार देतात. हे मोहॉक नाव तिथल्या ज्येष्ठांच्या संमतीने घेतले आहे, आणि पहिल्या वर्षापासून पुरुषाला आणि बाईला एकच चषक मिळतो. तरीही मूलनिवासी खेळाडूला तो मिळायला २०१४ साल उजाडावे लागले.

मिंटो चषक अजूनही दिला जातो. १९३७ पासून तो कनिष्ठ गटातल्या तरुणांच्या, म्हणजे मुलग्यांच्या, संघांना मिळतो. २००७ आणि २०१४ साली तो ग्रँड रिव्हरच्या संघाने जिंकला. त्यांच्या मोठ्या संघाने मान चषक १९९४ पासून सलग तीन वर्षे नेला होता. ज्यांना 'हौशी' नाहीत म्हणून हाकलले त्यांची नातवंडे-पणतवंडे आता तो उचलतात. पण चषकावर नाव अजून लाटसाहेबांचेच आहे.

मला वाटते, यातून आपल्या कामासाठी काही साध्या गोष्टी निघतात. चषक घ्या, पण त्यावर कोणाचे नाव हे आपण ठरवू, आणि जमले तर वस्तीतल्या एखाद्या बाईचे, जिने मुलींना पहिल्यांदा मैदानात आणले तिचे, नाव घालू. चषकाच्या आधी प्रवासखर्च, बूट आणि खाणे यांचा पैसा मागू, कारण गरिबीच्या कारणाने मुली गळतात आणि नियम मात्र 'सर्वांना खुले' म्हणून मिरवतो. नियम ठरवणाऱ्या समितीत खेळणाऱ्या मुली असतील, पंच बायका तयार होतील, हिशोबाची वही त्यांच्याकडे राहील असे पाहू. आणि घरातली, जातीतली, जमातीतली मोठी बाई जेव्हा 'मुलींनी हे करू नये' म्हणेल, तेव्हा तिला मागासलेली म्हणून झटकून न टाकता तिच्यासमोर बसू. पण मुलीचा हात सोडून नव्हे.

येत्या ८ मार्चच्या बैठकीत बक्षिसांची यादी करण्याआधी हा विषय चर्चेला घ्यावा अशी माझी सर्व गटांना विनंती आहे. तुमच्याकडे खेळांचे चषक कोण देते आणि नियम कोण करते, ते जरूर लिहून कळवा.